हात वर

कोर्टाच्या पायऱ्यांपासून पन्नास पावलं.
डेप्युटीनं स्वतः चालून मोजली,
बुटाच्या टाचेनं बर्फात रेघ ओढली.
"मिसेस हॉगलंड, हिच्या अलीकडे काय वाटायचं ते वाटा."
शाळेत असताना माझ्याच बसमध्ये, मागच्या सीटवर,
वळण आलं की ओकायचा हा.
तो विषय आम्ही दोघंही काढत नाही.

नॉर्थ डकोटातला मार्च. वारा असा,
की पत्रक आधी तोच वाचतो.
पिवळा कागद, एकाच बाजूला छपाई:
ज्युरीत बसाल तेव्हा कायदा न्यायाधीश सांगतील,
पुरावा वकील मांडतील.
पण तुम्ही सगळे 'निर्दोष' म्हणालात,
तर का म्हणालात, याचा जाब कुणी मागू शकत नाही,
तुम्हाला शिक्षा करू शकत नाही,
आणि तो निकाल फिरवूही शकत नाही.

अठरा वर्षांपूर्वी हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा मी सात नंबर.
आम्ही बारा गावचे बारा:
दोघं बीट पिकवणारे, एक दंतवैद्य,
पेट्रोल पंपावरची एक पोरगी,
तिची पाच वाजता पाळी, सारखी घड्याळ बघणारी.
समोर ऑरिन ट्वेट.
तळघरात, दिव्याखाली, गांजाची नऊ रोपं,
बायकोच्या पोटात दोन घास टिकावेत म्हणून.
वकिलानं तिचं नाव घेतलं मात्र,
न्यायाधीश म्हणाले, ते इथं गैरलागू.

गैरलागू.
सॉल्वेगला आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं
किराणा दुकानात, ढकलगाडीवर ओणवलेली,
गाडीत फक्त बिस्किटं आणि एक प्लॅस्टिकची बादली.

पुरावा चोख होता. नऊ म्हणजे नऊ.
कायदा आवडो न आवडो, सांगितला तसा लावा,
न्यायाधीश म्हणाले. आवाज चांगला होता त्यांचा,
औषध कसं घ्यायचं ते सांगावं तसा.
बंद खोलीत दंतवैद्यानं विचारलं, दोषी कोण कोण म्हणतंय?
मी हात वर केला.
मग वर्षानुवर्षं म्हणत राहिले, कायदाच तसा होता.
म्हणजे हातही वर केला
आणि हातही वर केले.

सुटून आल्यावर एकदा भेटला, पोस्टात.
थंडी फार आहे, म्हणाला.
मी म्हटलं, हो ना.

गेल्या मंगळवारी एक तरुण वकीलबाई थांबली,
ऑडेसा प्रुइट, मिसिसिपीहून नुकतीच आलेली,
इथल्या थंडीला न पुरणारा कोट.
पत्रक उभ्यानं शेवटपर्यंत वाचलं.
"आमच्याकडे ही किल्ली त्यांच्या हातात होती," म्हणाली.
"माझ्या आजोबांच्या भावाला ज्यांनी मारलं,
त्यांना बारा गोऱ्यांनी पाऊण तासात सोडलं.
त्यांनाही कुणी विचारलं नाही, का."
कागदाची चौघडी करून तिनं खिशात घातली.
ती आत गेल्यावर मी कचऱ्याचा डबा बघून आले.
त्यात नव्हती.

त्या रात्री पत्रकात एक ओळ वाढवायला बसले.
काय लिहू?
फक्त भल्या माणसांनी वाचावं?
कॉफी निवली, कागद कोरा राहिला.

आज नवा खटला.
ट्रॅक्टर कंपनीची टोपी घातलेला एक जण
पत्रक घेऊन थबकला:
"मग काय, सोडून देऊ म्हणता?"
मी म्हटलं, आत कोण आहे ते मला ठाऊक नाही,
आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं.
एवढंच, की आत हात वर जाईल
तो खांद्यापासून तुमचाच असेल.
न्यायाधीशांचा नाही. माझाही नाही.
त्यानं कागद टोपीत खोचला, की वाऱ्यानं उडू नये म्हणून
नुसता धरला, नीट दिसलं नाही.

दुपारपासून बर्फ पडतोय.
रेघ बुजून गेली आहे.
डेप्युटी खिडकीतून बघतोय, बाहेर काही येत नाही.
पन्नास पावलं कुठं संपतात,
मी अंदाजानं उभी राहते.