साडेतीन मीटर

फ्लेक्सवर नऊ चेहरे आपल्याकडचे,
हात जोडलेले, दोघे गॉगलसकट,
आणि वर कोपऱ्यात, टिकलीएवढ्या गोलात, बाई.
मुटिंटाचं मुनिंदा केलंय छापणाऱ्यानं.
हामूंगाला जागाच पुरली नाही.

तिकडे लुसाकात म्हणे झेंडा अर्ध्यावर आहे,
शाळा बंद, टपाल तिकीट निघणार.
देशाच्या खेळ संघटनेची पहिली बाई अध्यक्ष ती.
इकडे पेठ रोडच्या मैदानात
ओट्यावर सतरंजी, स्टीलच्या ताटात झेंडू,
आणि साहेब बोलतायत,
"नाशिकच्या मातीशी त्यांचं नातं होतं."
कोणतं, ते नाही सांगितलं.

ब्याण्णवच्या डिसेंबरात आली होती.
थंडी अशी की द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या.
सहा आठवड्यांचं शिबिर, हरसूल-सुरगाण्याची चाळीस पोरं,
चोवीसजणांच्या पायात काही नाही.
उंच बाई, लोकरीची टोपी, गळ्यात शिट्टी.
दुभाषा तापानं पडला तरी तिचं अडलं नाही;
"परत" एवढा एकच मराठी शब्द शिकली
आणि तेवढ्यावर आमचा घाम काढला.

तेव्हा ह्या भिंतीवर माझं नाव होतं, ऑइलपेंटनं:
पाच हजार मीटर, जिल्हा विक्रम, का. ल. भुसारे.
बाप बाजाराला आला की
चार ओळखीचे धरून आणायचा, दाखवायला.

तिसऱ्या दिवशी तिनं टेप मागितला.
कुणीतरी हसत शिंप्याचा आणला.
मग पीडब्ल्यूडीचा आला,
आणि बाई आतल्या कडेनं उकिडवी सरकत गेली
अख्खी सकाळ.
परत. परत.
शेवटी चुन्यानं जमिनीवर आकडा लिहिला:
३९६.५

साडेतीन मीटर. गाय बांधायचं दावं तेवढं असतं.
पण साडेबारा फेऱ्यांत चव्वेचाळीस होतात,
म्हणजे माझे आठ सेकंद.

सचिव म्हणाले, जाऊ द्या मॅडम, कुणाला कळतंय.
तिनं पत्र लिहिलं. सही केली.
भिंत पांढरी झाली.
बाप पुन्हा मैदानात आला नाही.

मी दोन दिवस पांघरुणात.
मग तीच आली, वसतिगृहाच्या पायरीवर बसली,
माझ्या घोट्यावर हात ठेवून काही बोलली.
दुभाषा, नाक पुसत:
"पाय खोटे नाहीत तुझे. रेघ खोटी होती."

वर्षानं तिचं पार्सल आलं. मी फोडलं नाही.
अकरा वर्षं पत्र्याच्या पेटीत, कपड्यांखाली.
तोवर पाय गेले होते
आणि रेघा माझ्याकडे आल्या होत्या,
मैदानावर चुना मारायला, रोजंदारीनं.
पहिल्याच सकाळी दोरी ताणली
आणि काय झालं कोण जाणे,
तसाच घरी जाऊन पेटी उघडली.
पोलादी टेप. पन्नास मीटरचा. चिठ्ठी नाही.

आज दोन मिनिटं स्तब्धता जाहीर झाली.
सवयीनं घड्याळ दाबलं.
एक मिनिट बारा सेकंदांत ओम शांती,
खुर्च्या सरकल्या.
मैदानाला तिचं नाव द्यायचा ठराव टाळ्यांत पास;
टाळ्या वाजवायच्या नसतात
हे एकाला उशिरा आठवलं, तो हात खिशात घालू लागला.
मी उभाच.
"भुसारे, चहा गार होतोय!"
अजून एकतीस सेकंद होते.

नवा ट्रॅक लाल आहे, रबराचा वास अजून जात नाही.
ठेकेदाराला विचारलं, मोजून घेतला का?
म्हणाला, काका, आता मशीननं असतं सगळं.

संध्याकाळी खोलीतून टेप काढला.
दर दिवाळीला खोबरेल लावतो, गंज नाही कुठं.
सुरगाण्याकडची एक पोरगी
स्पाइकची नाडी सोडत बसली होती.
"कोण होती हो ती बाई?"

टोक तिच्या हातात दिलं.
धर.
शून्यावर धर, सैल सोडू नको.
आणि मी उकिडवा, आतल्या कडेनं,
गुडघे कुरकुरतायत,
निघालो.