साडेबारा टक्के

घणसोली, सेक्टर पाच. दुपारचे साडेतीन.
खुर्चीत भाविक भोईर, वय तेवीस,
महापेच्या डेटा सेंटरात रात्रपाळी.
गाल टरारलेला, तोंड जेमतेम दोन बोटं उघडतंय.
एक्स-रेत खालची अक्कलदाढ आडवी झोपलीय
शेजारणीच्या मुळावर डोकं टेकून.

जागाच नाही रे, मी म्हणते.
तो म्हणतो, मॅडम, हे वाक्य आमच्या घरात जुनं आहे.

सोबत आत्या, वनाबाई. पासष्टीची,
बत्तीसच्या बत्तीस जागेवर,
चिंबोरीची नांगी अजून दाढेखाली फोडते.
"यानी चावलाय काय? चायेन बुरवलेली बिस्कुटा!"
एवढ्या निदानाला माझ्या पुस्तकात चार पानं लागली होती.

भूल चढेपर्यंत दहा मिनिटं.
मी सुया मांडते, आणि मन मागे मागे जातं:
कुणाचा तरी कंद विस्तवात पडला.
कुणी दगडावर मांस ठेचलं.
आतडं आखडलं, जबडा आखडला, कवटी फुगली.
शिजेपर्यंत थांबायची सवय लागली,
थांबलेल्या माणसांनी काही बोलून घेतलं असणार.
पुढे पाटा. पुढे पेज.
पेजेवर दात पडलेली म्हातारीही जगली,
आणि कुठल्या भरतीला कुठल्या खाडीत जाळं टाकायचं
हे तिच्यासोबत चार पावसाळे जास्त जगलं.

हाडं चुलीचं ऐकतात, उशिरा.
दात ऐकत नाहीत.
त्यांच्या सातबाऱ्यावर अजून बत्तीस नावं,
आणि शेवटचं नाव येतं विशीत,
प्लॉटवाटप उरकल्यावर, फाईल काखेत घेऊन.

भाविकला आता बोलता येत नाही.
तो मोबाईलवर टाईप करून मला दाखवतो:
३२ पैकी ४ अक्कलदाढा. साडेबारा टक्के.
डोळ्यांनी हसतो.
माझा ड्रिल क्षणभर हवेतच.

दाढ दोन तुकड्यांत निघाली. मुळं गळासारखी वाकलेली.
आत्याने मागून घेतली, गॉझमध्ये गुंडाळून
पदराच्या गाठीत बांधली. का, ते मी विचारलं नाही.

म्हणतात, अन्न मऊ झालं तसे
वरचे दात खालच्या ओठापुढे आले
आणि माणसाच्या तोंडात 'व' रुजला, 'फ' रुजला.
आत्याचे दात कडेला कड भिडलेले.
तिचा 'व' दोन्ही ओठांतून येतो,
भरतीच्या पाण्यातून होडी ढकलावी तसा.
इतकी वर्षं मी त्याला गावठी उच्चार समजत होते.

खाली रिक्षा. मी खिडकीत.
भाविकचा ओठ अजून झोपलेला.
"कुठे?"
"बाशी."
"काय?"
"बा... बाशी!"
रिक्षावाला कान पुढे करतो.
मागच्या सीटवर आधीच बसलेली वनाबाई
पदराची गाठ चाचपत ओरडते,
"वाशी रं, वाशीगाव!"
आणि मीटर पडतो.