रकाना क्रमांक सात

उद्या गुणगौरव आहे.
सतरा प्रमाणपत्रं, एक बोरू, दौतीत तळाला गेलेली शाई,
आणि पाचपावलीच्या आमच्या मनपा शाळेत
दिवेलागणीला हमखास जाणारी वीज.
अक्षर चांगलं, म्हणून हे काम दरवर्षी माझ्याकडे येतं.
चित्रकलेच्या तासिका मात्र दरवर्षी एकेक करून जातात.

पहिलं नाव गुंजन हेडाऊ.
'ऊ'च्या शेपटीला बोरू जरा अडतो.
गणितात साऱ्या मनपा शाळांतून पहिली.
बापाचा माग मागच्या साली भंगारात गेला किलोच्या भावानं,
लाकूड वेगळं, लोखंड वेगळं;
एक धोटा हिनं दप्तरात लपवून आणला.
करवतकाठाचे दात ती आलेखाच्या वहीत मोजायची,
चौकोन भरत, चौकोन सोडत.
मी विचारलं, हे कोणत्या धड्यात आहे गं?
"धडा नाही जी मॅडम, काठ आहे."

मग अल्फिया. आठशे मीटर, अनवाणी.
व्यवसाय मार्गदर्शनाच्या अर्जात
'गणवेशधारी सेवा'वर तिनं अशी खूण केली
की कागद फाटला.

त्या अर्जात सहा रकाने होते, प्रत्येकाला कोड.
मंथन दुरुगकरनं पट्टी घेतली,
खाली सातवा रकाना आखला
आणि लिहिलं: बडग्या बांधणारा.

मार्गदर्शक साहेब भले माणूस. समजावून म्हणाले,
बाळा, हे कलेत टाकू.
"कलेत बसत नाही जी. त्यात बांबू आहे,
वायरिंग आहे, अन् शिव्या आहेत."
याला कोड नाही रे.
"मंग कोड काहून नाही?"

साहेबांनी चष्मा पुसला. मीही उगाच माझा पुसला.

तेव्हा विद्युत विषयाच्या खोलीला कुलूप होतं,
दोन वर्षांचं, गंजून केशरी झालेलं.
साहित्य आत, पोरं बाहेर,
किल्ली कोणत्या तरी टेबलाच्या कोणत्या तरी खणात.
कंत्राटी शेंडे सर व्हरांड्यात खडूनं सर्किट काढायचे,
मधल्या सुट्टीत पोरं त्याच्यावरून धावायची.

पोळ्याच्या आधी मंथननं काकाच्या अंगणात बांबू चिरले.
वर्तमानपत्रं, खळ, काळा रंग,
पोटात सरांच्या घरच्या मोडक्या कुलरची मोटर.
तान्ह्या पोळ्याच्या सकाळी
काळ्या-पिवळ्या मारबतीच्या मागून, गर्दीच्या खांद्यांवरून
आलं एक भलंमोठं कुलूप,
डोळे लाल, मान डावी-उजवी,
पोटावर शाळेचं नाव, शुद्धलेखनाच्या दोन चुकांसकट.
मी फुटपाथवर उभी होते,
हातात पर्स, डोक्यात सेवापुस्तक,
आणि माझ्याच तोंडून निघालं, घशाच्या तळातून,
घेऊन जा गे मारबत!

कुलूप जळलं. मोटर त्यानं आधीच काढून घेतली होती.

आठ दिवसांनी किल्ली सापडली.
कुणाला, कशी, ते कोणत्याच कागदावर नाही.

तीच मोटर पुढं जिल्ह्याच्या कौशल्य स्पर्धेत गेली.
दुसरा क्रमांक.
परीक्षकांनी विचारलं, याचा उपयोग काय?
तो म्हणाला, "दाखवायले."
शेंडे सर सांगतात, तिथंच पहिला नंबर गेला,
आणि मग हसू आवरत नाही त्यांना.

आता त्याचा कागद माझ्यासमोर आहे.
नाव झालं. 'विषय'पुढं रेघ मोकळी.
मुख्याध्यापक म्हणाले होते, 'विद्युत प्रतिकृती' लिहा,
वरून पाहुणे येणार आहेत, उगाच प्रश्न नकोत.
शाई एकदाच बुडवता येईल एवढीच.

मी 'ब' काढला. पोट गोल, दांडी सरळ.
'ड' काढला.
आणि वीज गेली.

अंधारात व्हरांड्यातून स्टूल सरकल्याचा आवाज,
पताका लावता लावता कुणीतरी उडी मारली.
"मॅडम, लाईन नाही गेली जी, आपलाच फ्यूज आहे.
हात नका हलवू. दोन मिनिटं."

मी हात हलवला नाही.
बोरूच्या टोकाशी शाईचा एक थेंब
आपलं वजन तोलत थांबला होता.

उजेड आला.
'ग्या' लिहिलं.