नफीसाची वही

सोहार बंदराकडल्या कॅम्पात
आमचा दवाखाना म्हणजे एक कंटेनर,
दोन खाटा, आणि मी.
सरकारी हॉस्पिटल बारा किलोमीटरवर,
विम्याचं ऑफिस मस्कतला.
मधे रस्ता आणि ऊन.

आणि नफीसा तिसेकर, दापोलीकडची.
गळ्यात तीन ओळखपत्रं,
पगार एकाच ठिकाणचा, तोही उशिरा.
हॉस्पिटलवाले म्हणत ती कंपनीची,
कंपनी म्हणे हॉस्पिटलची.
मीटिंगला पडद्यावर चौकोन दाखवले, बाण दाखवले,
तिचं नाव कुठल्याच चौकोनात नव्हतं.

वेल्डर तोफज्जलच्या थुंकीचा रिपोर्ट
आठ दिवस अडकला होता
नावातल्या एका अक्षरावर.
मी तीन मेल केले.
ती टॅक्सी करून गेली,
रेकॉर्डवाल्या मरियमपाशी बसून काहवा प्याली
आणि रिपोर्ट घेऊन आली,
गोळ्यांसकट.

आता महिनाभर गावी गेलीय.
जाताना वही दिली.
वाटलं, नंबर असतील.
होतेच. पण प्रत्येकापुढे, तिरक्या अक्षरात:
मरियम – आधी आईचे गुडघे विचार, मग काम.
डॉ. खलफान – दुपारच्या नमाजानंतर. लेखी मागतो, पण अडवत नाही.
विम्याचा सजीश – नाही म्हणेल. परत फोन कर.
शेवटच्या पानावर मी:
गुरव कंपाउंडर – माणूस चांगला. फोन करायला लाजतो.

काल रात्रभर एकाचा ताप उतरला नाही.
सकाळी आठला नंबर फिरवला.
पलीकडून मरियम, घाईत.
माझं अरबी तोकडं,
घशाला कोरड.
विचारलं,
आईचे गुडघे कसे आहेत?