अर्धी गोळी

आमच्या तेलुगूत मांजरीला पिल्ली म्हणतात.
त्यामुळे सोलापुरात ती
म्हातारी झाली तरी पिल्लूच राहते.

पहिली पिल्ली तापली तेव्हा एप्रिल होता.
पत्रा असा पेटलेला की भिजवलेली विडीची पानं
तासाभरात कुरकुरीत.
ती पाटाखाली पडून, नाक कोरडं.
मी डब्यातली तापाची पांढरी गोळी काढली,
मधोमध मोडली,
लेकरांना मोडून द्यायचे तशीच,
अर्धी परत पुडीत गुंडाळली
आणि अर्धी चमचाभर दुधात विरघळवून
तिचा जबडा उघडून पाजली.
मायेनं पाजली. एवढं सांगायलाच हवं.

दिवेलागणीला तिचं तोंड सुजलं.
हिरड्या काताच्या रंगाच्या.
रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात नेली.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काय खाल्लं हिनं?
मी म्हटलं, काही नाही.
औषध दिलंय फक्त.
त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

त्यानंतर दोन वर्षं घर बिनमांजराचं.
मग ह्या गड्ड्याच्या जत्रेत नातीनं, श्रावणीनं,
पाळण्याचे पैसे तसेच ठेवून
स्वेटरच्या आत ही आणली.
हिचंही नाव पिल्लीच.
दुसरं मी सुचू दिलं नाही.

आता घर वेगळं दिसतं.
दुपारी पाठ टेकायची तर आधी
तंबाखूच्या सुपावर परात पालथी घालायची, वर वरवंटा.
फरशीला फिनेल नाही:
ती त्यावरून चालते, मग बसून पाय चाटते,
तिची आंघोळ जिभेनंच असते ना.
ट्रंकेतल्या डांबरगोळ्या काढल्या,
चादरींना कसर लागली तर लागो.
श्रावणी विचारते, कांदा?
कांदासुद्धा नाही.
मग ही सोलापूरची कशी गं, आज्जी?

राहिला यल्लप्पा गुंडेटीचा कारखाना, भिंतीला भिंत.
उंदीर सूत कुरतडतात म्हणून
तो मागाखाली विषाचे उंडे ठेवतो, गूळ घालून.
मी गेले. खटखटाटात ओरडून बोलले.
तो म्हणाला, पिल्ली उंडा खात नाही, अक्का.
मी म्हटलं, उंडा खाल्लेला उंदीर खाते.
त्यानं माग थांबवला.
एकच. बाकीचे अकरा चालूच होते.
म्हणाला, पिंजरे परवडत नाहीत.
दुसऱ्या दिवशी माझ्या उंबऱ्यात
त्याच्या पोरानं एक गंजका पिंजरा आणून ठेवला:
आज्जी, ह्याची स्प्रिंग दुरुस्त करता येते का तुम्हाला?
विडीच्या दोऱ्यानं बांधली. धरते अजून.

ती उरलेली अर्धी गोळी पुडीतच आहे.
मला ताप आला तेव्हा घेतली नाही.
टाकायची तर कुठे टाकायची,
गटारीतसुद्धा कुणीतरी चाटतंच.

काल रात्री दोनला ही शिंकली.
एकदा. मग परत.
डोळे अजून मिटलेले होते माझे
आणि हात डब्यापर्यंत पोचला होता.
तो मांडीखाली दाबून
बसून राहिले,
दवाखाना नऊला उघडतो.