नखभर

ध्वनी पटेलनं गमतीत विचारलं होतं:
काका, स्पंज नसते तर समुद्र
अजून किती खोल असता?
पोरं हसली, बॅगा उचलून गेली.

जगदाळ्यांनी समुद्र पाहिलेला नाही.
बडोद्याच्या या प्रयोगशाळेत तीस वर्षं
ते बरण्या पुसतात.

आज कुलूप लावण्याआधी
काचपात्रात पाणी घेतलं, स्पंज बुडवला,
निळ्या पेनानं रेघ मारली.
बाहेर काढला. पाणी खाली गेलं.
मग तिथेच धरून पिळला,
थेंब थेंब, मनगट दुखेपर्यंत.
पाणी चढत चढत
रेघेच्या खाली नखभर थांबलं.

म्हणजे एवढाच होता तर तो.
बाकी सगळं समुद्राचंच, उसनं.

दांडिया बाजारातल्या घरी
माठ अलीकडे
दोन दिवस पुरतो.