खोगीर

मी खोगीर म्हणाले, तर कोपरीत ताडपत्र्या शिवणाऱ्या इब्राहिमनं विचारलं,
घोडा केवढा?
म्हटलं, ऐनाचं झाड आहे, येऊरला, रोणाच्या पाड्यामागे.
तो हसला नाही.
पट्टा उलटा करून शिवण बघितली, नखानं एक टाका उचकटला
आणि मला दुकानाच्या शटरच्या हुकाला अडकवलं,
भर बाजारात, अडीच फूट वर,
बसा, म्हणाला, आता सांगा कुठं बोचतंय.
समोरच्या टायरवाल्यानं चहा थांबवला.

बोचत होतं कमरेच्या दोन हाडांवर,
जणू कुणी गरम भांडं उतरवायला पकड लावावी.
आधीचे आठ दिवस मी हे अंगावर घेऊन
पहाटे सहापासून झाडाला लटकत होते
आणि नऊपर्यंत उजवी मांडी माझी राहायची नाही.
वहीत धनेशाच्या फेऱ्यांपेक्षा
माझ्या कण्हण्याच्या वेळा जास्त.

इब्राहिमनं खालचा पट्टा रुंद केला, मांडीच्या मध्यावर आणला,
वरचा कमरेला. दोघांत वीतभर अंतर.
कड्या वाजू नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली.
पैसे विचारले तर म्हणाला, आधी घोड्याला विचारा.

पोटापुढून जाणाऱ्या आखूड दोराला पूल म्हणतात.
तो मी रोज घट्ट करायचे, पडायच्या भीतीनं.
रूपजी वरठा खालून आठवडाभर बघत होता.
तो स्वतः चढतो ते गोधडीच्या तुकड्यावर, एका वेढ्यात,
खोगीर नाही, पूल नाही, कड्या नाहीत.
शेवटी न राहवून म्हणाला,
ताई, दोरीला ओढता कशाला, बसू द्या ना तिला.
आणि ती वरची, खोडाची, कपाळाच्या उंचीला आणा.

पूल चार बोटं सोडला.
पकड सुटली. इतकं सोपं होतं ते
की मला राग आला.

मग पिशवी उपसली.
दोन बाटल्या, पॉवर बँक, घडीची छत्री, चकलीचा डबा,
डास पळवायचं काहीतरी, परवानगीच्या कागदाच्या तीन प्रती.
खोगीरभरती हा शब्द मी चाळीस वर्षं वापरत होते,
तो कमरेला बांधून कधी झाडावर चढले नव्हते.
एक बाटली ठेवली, वही ठेवली.
चकल्या रूपजीनं ठेवून घेतल्या.

डावीकडे वळणं सोपं.
उजवीकडे दोर छातीवर आडवा येतो,
तिकडे शरीर फेकायचं नाही,
आधी पाऊल, मग गुडघा खोडाला, मग कंबर, सगळ्यात शेवटी मान.
दिवसभर हेच घोटलं.
खाली घोडबंदर रोडचा आवाज, टँकर, ब्रेक,
वर मी एका जागी उभ्या घोड्यावर
वळायला शिकते आहे. वय छप्पन्न.

चार वाजून चाळीस.
नर उजवीकडूनच आला.
पाऊल. गुडघा. कंबर.
कडी बोलली नाही. मान वळली तेव्हा तो समोरच्या कांडोळावर
ढोलीच्या फटीशी टेकला होता
आणि घशातून एकेक उंबर काढून आत देत होता.
सात उंबरं. मग एक सरडा, तो दोनदा निसटला.
फटीतून चोचीचं टोक येतं, घेतं, जातं.
बाकी सगळी ती भिंतीआड, मातीनं आणि विष्ठेनं
स्वतःच लिंपलेल्या. पन्नास दिवस तरी झाले असतील.

नर उडाला. शांत झालं.
मग ढोलीत काहीतरी घासल्याचा आवाज आला,
लाकडावर पिसं, सावकाश,
ती आत कूस बदलत होती.
तिचं माप कुणी घेतलं नव्हतं.

वेळ लिहिली. पुढे काय लिहावं कळेना.
खालून रूपजी, तोंडात चकली, उतरता का म्हणून विचारतो.
थांब जरा, म्हणते,
आणि मांडीखालचा पट्टा
आणखी एक घर सैल करते.